ठराव सगळा वाचून झाल्यावर

आमच्या घरी पत्रकं आणि भाजी एकाच पिशवीतून यायची. आई पुण्यात घरकामगार बायकांच्या संघटनेचं काम करते, मी लहान होते तेव्हापासून करत आलीय. पत्रकाचा मजकूर ती ओट्यापाशी उभ्यानेच लिहायची आणि मी शाळेतून आले की मला मोठ्याने वाचायला लावायची. मी जिथे अडखळेन ते वाक्य ती खोडून टाकायची. "वाचणारी बाई दिवसभर भांडी घासून आलेली असते. तिला अडखळायला वेळ नाही." वाचायला मी अशी शिकले. लिहायला आणि भांडायलाही तिथेच शिकले.

सभांना ती मला बरोबर न्यायची. सभेच्या शेवटी ठराव वाचला जायचा, एकेक कलम करून. पहिलं कलम वाचून झालं की बायका टाळ्या वाजवायला लागायच्या, आणि आई हात वर करायची. "सगळा होऊ द्या. मग वाजवा." त्याला कारण होतं. एका सभेत पहिल्याच कलमाला, आठवड्याच्या सुट्टीच्या मागणीला, इतक्या टाळ्या पडल्या की मागे बसलेल्या काही जणींना वाटलं संपलं. त्या चपला घालून निघाल्या आणि वस्तीत जाऊन त्यांनी सांगितलं की रविवारची सुट्टी झाली. पुढच्या कलमात होतं की मालकिणींशी बोलणी होईपर्यंत कुणीही परस्पर सुट्टी घेऊ नये. ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. रविवारी त्या कामावर गेल्या नाहीत आणि दोघींची कामं सुटली. तेव्हापासून आमच्याकडे टाळ्या शेवटी.

मला हे आठवलं ते सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात नोकरी करताना. आठवलं म्हणजे नुसतं आठवलं. इथे आल्यापासून मला सगळं असंच आठवतं, काचेपलीकडून पाहावं तसं. घरी मी भडक डोक्याची म्हणून प्रसिद्ध होते. कॉलेजात फी वाढली तेव्हा मी लिहिलेलं पत्रक प्राचार्यांनी दोनदा वाचलं होतं म्हणे. इथे मात्र सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढावं, दिवसभर एसीत बसावं, बेडोकच्या खोलीवर परत यावं, आईने "काय चाललंय" विचारलं की "ठीक" म्हणावं, असं चाललं होतं. दुःख नव्हतं. हिवाळ्यात बोटं सुन्न होतात आणि वस्तू धरलेली दिसते पण लागत नाही, तसं काहीतरी होतं. आणि इथे तर हिवाळाही नसतो.

आमची टीम एक सॉफ्टवेअर चालवायची. तुआसच्या कारखान्यांत आणि जहाजांच्या यार्डांत काम करणाऱ्या परदेशी कामगारांच्या पाळ्या आणि डॉर्मिटरीतले त्यांचे बेड त्यात ठरायचे. त्यात प्रत्येक कामगारामागे प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा असतो, त्याला आम्ही अ‍ॅक्टर म्हणतो. त्याला एका वेळी एकच निरोप दिला जातो. आपण आत्ता कुठे आहोत हे तो लिहून ठेवत नाही. काय काय घडलं तेवढंच लिहितो, घडलं त्या क्रमाने. कामगाराची बदली झाली तर चार घटना: जुनी पाळी संपली, जुना बेड सुटला, नवी पाळी मिळाली, नवा बेड मिळाला. या चारही एकदम लिहिल्या जातात. लिहिल्या तर चारही, नाहीतर एकही नाही. मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं की अ‍ॅक्टर पहिल्यापासून सगळं वाचतो आणि आपण कोण, कुठे, हे त्यातून समजून घेतो. हे वाचताना तो बाहेर कुणालाही काही कळवत नाही. सगळं आठवतं, बाहेर काही जात नाही. हा नियम पहिल्यांदा समजावून घेतला तेव्हा मी स्क्रीनकडे जरा जास्तच वेळ बघत बसले होते.

बदलीचा हा भाग लिहिला होता टीममधल्या जळगावच्या दादांनी. ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायचे आणि ते मला कॉम्रेड म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात पॅन्ट्रीतल्या कॉफी मशीनवर कुणीतरी 'फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी' अशी चिठ्ठी लावली होती, ती मी काढून फाडली, तेव्हापासून. ते स्वतः कंत्राटावर होते, तरी त्यांनी चिठ्ठीचे तुकडे उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकले. "क्रांती कर, पण झाडून घे," म्हणाले.

एके दिवशी सकाळी एका कारखान्याच्या अख्ख्या पाळीची बदली सिस्टिमने केली. थोड्या वेळाने आमच्या मॅनेजर बाई, ठाण्याच्या, इथे येऊन पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासी, झालेल्या, आमच्या टेबलापाशी आल्या.

"डॉर्मिटरीवरून फोन आलाय. मेसेज डबल जातायत म्हणे. कामगार गेटवर येऊन बसलेत. दोघं जाऊन बघून या."

"गेटवर का?" मी विचारलं.

"ते बघायलाच पाठवतेय ना."

तुआस म्हणजे सिंगापूर बेटाचं पार दुसरं टोक. तानाह मेराहला गाडी बदलली आणि मग हिरव्या लाइनीवर शेवटपर्यंत बसून राहिलो. दादांनी लॅपटॉप मांडीवर उघडला होता. ते कोड वाचत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होते. क्लेमेंटीच्या पुढे कुठेतरी त्यांनी लॅपटॉप मिटला.

"काय झालं?"

"काही नाही. जाऊन बघू," म्हणाले. पण त्यांना तेव्हाच कळलं होतं.

डॉर्मिटरीच्या गेटबाहेर फुटपाथच्या कडेला पुरुष ओळीने बसले होते. प्रत्येकाच्या शेजारी बॅग. कुणाच्या बॅगेवर राइस कुकर ठेवलेला, कुणाच्या पायाशी दोरीने बांधलेली गादी. एक जण टेबल फॅन मांडीवर घेऊन बसला होता, लहान मूल घेतात तसा. वाद नाही, घोषणा नाहीत. बसची वाट बघावी तसे बसले होते.

फॅनवाल्याने मला फोन दाखवला. तो हिंदी बोलत होता, सावकाश, माझ्यासाठी.

"देखिए, लिखा है शिफ्ट नहीं, बेड नहीं। तो हम उतर आए।"

मी फोन खाली सरकवला. चार मेसेज होते. दादा माझ्या खांद्यावरून बघत होते. एका मेसेजमध्ये नवी पाळी आणि नवा बेड दोन्ही नीट लिहिलेलं होतं. पण तो खाली, दुसऱ्या जागेवर होता. सगळ्यात शेवटी आलेला, म्हणून सगळ्यात वर दिसणारा मेसेज सांगत होता: सध्या तुमच्या नावावर पाळी नाही, बेड नाही.

"भैया, ये वाला सही है," मी खालच्या मेसेजवर बोट ठेवलं.

"ये पहले आया था। बाद में ये आया।" त्याने वरच्यावर बोट ठेवलं. "बाद वाला ही तो सही होता है।"

त्याचं बरोबर होतं. नंतर आलेलं खरं, असंच कुणीही धरेल. ज्याला बेड नाही असं कळवलं जातं तो सामान भरतो. त्याने आधी चौकशी करायला हवी होती असं म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या मालकीच्या बेडवर कधी झोपलेला नसतो.

"घर पे भी बोल दिया," तो म्हणाला. "अभी अंदर जाएँ?"

दादा म्हणाले, जाइए. तो उठला, फॅन काखेत धरला आणि आत गेला. बाकीचेही एकेक करून उठले. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगायचं तर काहीच नाही. फॅनच्या जाळीची एक क्लिप तुटलेली होती आणि तिथे निळा दोरा गुंडाळला होता, एवढं मी पाहिलं. हे सगळं आई पाहती तर तिथेच गेटवर उभी राहून बोलायला लागली असती. मी वहीत मेसेजांचा क्रम उतरवून घेतला.

परत येताना दादांनी सांगितलं. आमची लायब्ररी, म्हणजे आम्ही वापरतो तो तयार कोडचा संच, जुनी. तिच्यात घटना लिहायला सांगताना सोबत एक काम द्यायचं असतं, 'लिहून झाल्यावर हे कर' असं. दादांनी ते काम दिलं होतं: कामगाराला मेसेज पाठव. याआधीच्या नोकरीत ते नव्या पद्धतीवर काम करायचे. तिथे किती का घटना असेनात, जोडून दिलेलं काम सगळ्यांच्या शेवटी एकदाच होतं. इथे ते प्रत्येक घटनेमागे होतं. चार घटना, चार मेसेज, आणि प्रत्येक मेसेजात त्या क्षणी जे खरं असेल ते. दुसऱ्या घटनेनंतर खरोखरच माणसाकडे पाळी नसते, बेडही नसतो. त्यात भर म्हणजे एसएमएस ज्या क्रमाने सुटतात त्याच क्रमाने पोचतील असं नाही. टेस्ट केल्या तेव्हा एकेकच घटना होती. एकामागे एक मेसेज गेला, सगळं हिरवं, म्हणजे बरोबर, दिसलं.

"झाल्यावर," दादा म्हणाले. "मी वाचलं 'झाल्यावर'. कशाच्या, एकेक झाल्यावर की सगळं झाल्यावर, ते बघितलंच नाही."

मला आईचा वर केलेला हात दिसला. मी त्यांना सभेची गोष्ट सांगितली, चपला घालून निघालेल्या बायकांची. ते हसले नाहीत. "आपल्याकडे वर्षानुवर्षं माहीत होतं म्हणजे," एवढंच म्हणाले.

जुरॉंग ईस्टला गाडी भरली. ते उभे राहिले, एका बाईंना जागा दिली, आणि दांडीला धरून माझ्याकडे वाकून हळू आवाजात बोलले.

"रिपोर्ट तूच लिहिणार ना?"

"बहुतेक. कोड तुमचा आहे, म्हणजे दुसऱ्याने लिहायचा असतो."

"ड्युप्लिकेट लिही. ड्युप्लिकेट मेसेज गेले. एवढंच."

मी वही पिशवीत टाकली.

"पुढच्या महिन्यात माझा वर्क पास रिन्यूला जातोय. कंत्राट क्लायंट वाढवणार, मग कंपनी अर्ज करणार. मॅनेजर बाईसुद्धा डबलच म्हणाल्या. एक शब्द आहे, कॉम्रेड."

"दादा, चार मेसेज वेगवेगळे होते. ड्युप्लिकेट म्हणजे तोच तो."

"एक जायला हवा होता, चार गेले. इंग्रजीत त्याला ड्युप्लिकेट म्हणतात."

"तुम्ही फोन बघितलात ना?"

"बघितला." दांडीवरचा हात बदलत म्हणाले, "तुला राग आलाय का माझा?"

"नाही."

"मग हा हट्ट कशासाठी? राग आला असता तर कळलं असतं मला."

मी खरंच रागावले नव्हते. तत्त्व म्हणून काहीतरी आत होतं, भिंतीवर लावलेल्या पोस्टरसारखं, पण त्याच्यामागे ऊब नव्हती. दादांच्या मुलीला मी ओळखत होते. आंग मो किओच्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटवर वहिनी शेवभाजी करायच्या तेव्हा मला बोलावणं असायचं. मुलगी इथल्या प्रायमरी शाळेत होती. बाबांनी मराठीतून अभ्यासाला बस म्हटलं की ती इथल्या इंग्रजीत "कॅन नॉट ला, बाबा" म्हणायची, आणि दादा माझ्याकडे बघून म्हणायचे, "बघ, हिची युनियन वेगळी."

मॅनेजर बाईंनी रिपोर्ट लिहायला मलाच दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लायंटबरोबर मीटिंग. "साधा ठेव," त्या म्हणाल्या. "काय झालं, का झालं, परत कसं होणार नाही. कादंबरी नको."

सकाळी मी लिहायला बसले. 'काय झालं' याच्यासमोर 'ड्युप्लिकेट मेसेज' लिहिलं आणि ते वाचून पाहिलं. अडखळले नाही. फार गुळगुळीत वाक्य होतं. मग मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला. ती बसमध्ये होती, मागून कंडक्टरचा आवाज येत होता. मी थोडक्यात सगळं सांगितलं आणि विचारलं, तू काय केलं असतंस.

"मला त्या कॉम्प्युटरमधलं काय कळतं? जेवलीस का?"

"आई."

"बरं. त्या पंखेवाल्याला कळवलं का?"

"काय कळवलं?"

"की काम आहे म्हणून. घरी सांगून बसला होता ना काम गेलं म्हणून."

"तो आत गेला की. दादांनी सांगितलं तोंडी."

"आणि जे गेटवर आले नाहीत ते? मेसेज काय फक्त गेटवरच्यांनाच गेला होता?" तिचा स्टॉप आला. "उतरते मी. तुझी सभा आहे ती, तू चालव."

मी जिन्यातच उभी राहिले. मेसेज अख्ख्या पाळीला गेले होते. गेटवर दिसली ती त्यातली काही माणसं. बाकीचे कामावर होते, कुणी यार्डात, ज्यांनी फोन संध्याकाळी बघितला असेल. ते सामान भरून कुठे गेले, कुणाकडे झोपले, कुणाला फोन केला, आम्हाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. कारण डबल मेसेजमुळे कुणाचं काही बिघडत नाही. ड्युप्लिकेट म्हटलं की काम तिथे संपतं, कुणाला काही कळवावं लागत नाही. चुकीचा म्हटलं की प्रत्येकाला बरोबर काय ते सांगावं लागतं. तो शब्द फक्त दादांना वाचवणारा नव्हता.

मी जागेवर येऊन हे दादांना सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत. ते स्क्रीनकडे बघत ऐकत होते.

"तू रिपोर्टात काय लिहिणार ते मला नको सांगूस," ते म्हणाले. "किती जणांना गेला ते काढ आधी."

यादी मी काढली. त्यांनी तोवर कोड दुरुस्त केला. चार घटना लिहायची आज्ञा तशीच ठेवली, मेसेजचं काम तिथून उचललं आणि खाली वेगळ्या ओळीत ठेवलं. त्यासाठी लायब्ररीत एक सोय असते, तिचं नाव डिफर, म्हणजे पुढे ढकल. आधीच्या सगळ्या घटना लिहून झाल्या, त्यांची त्यांची कामं झाली, की मगच ती ओळ चालते, आणि एकदाच चालते. मग दादांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. यादीतल्या प्रत्येक अ‍ॅक्टरला विचारायचं, आत्ता तुझ्याकडे काय आहे, आणि त्या कामगाराला एकच मेसेज पाठवायचा. मेसेजचा मजकूर त्यांनी मला लिहायला सांगितला.

मी लिहिलं: कालचे मेसेज आमच्या चुकीमुळे गेले. तुमचं काम आणि तुमची जागा कायम आहे. त्याखाली पाळी आणि बेड नंबर. तमिळ आणि बंगाली टीममधल्या इतरांकडून करून घेतलं.

"मोठ्याने वाच," दादा म्हणाले.

मी वाचलं. अडखळले नाही.

"आमच्या चुकीमुळे," ते म्हणाले. "आमच्या. चांगलंय." आणि बटण दाबलं. मॅनेजर बाईंना विचारलं नव्हतं. ते बटण दाबताना त्यांना पुढचं माहीत होतं. चूक झाली असं कामगारांना कळवल्यावर रिपोर्टात ड्युप्लिकेट लिहिता येणार नव्हतं.

मीटिंगमध्ये मी रिपोर्ट वाचला. अर्धवट अवस्थेतले मेसेज कामगारांना गेले, काही जणांनी काम आणि जागा गेली असं समजून सामान बाहेर काढलं, असं लिहिलं होतं. कारण लिहिलं होतं. नाव कुणाचंच लिहिलं नव्हतं. क्लायंटकडच्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, हा कोड कुणाचा. मॅनेजर बाई बोलायला लागल्या, की टीम म्हणून आमची जबाबदारी, रिव्ह्यू मी केला होता. ते खरंच होतं, त्यांनीच केला होता, आणि त्या ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

"माझा," दादा मध्येच म्हणाले. "सकाळचा दुरुस्तीचा मेसेजही मीच पाठवला. परवानगी न घेता."

पुढचं सगळं सभ्यपणे झालं. क्लायंटने कळवलं की या कामावर दुसरा माणूस असावा. आमच्याकडे दादांसाठी दुसरं काम नव्हतं. मॅनेजर बाईंनी दोन ठिकाणी विचारून पाहिलं, मला माहीत आहे, कारण मी केबिनबाहेर उभी होते. पास संपेपर्यंत दादा रोज वेळेवर येत राहिले आणि आपलं काम दुसऱ्याला समजावून देत राहिले. मला कुणी काही म्हटलं नाही. कुणी म्हटलं असतं तर बरं, असं मी म्हणू शकते, पण तसंही मला वाटलं नव्हतं.

निघायच्या आधीच्या रविवारी मी आंग मो किओला गेले. दार उघडंच होतं. हॉलमध्ये खोके, बॅगा, आणि एका बॅगेवर राइस कुकर. वहिनींनी चहा दिला. त्या माझ्याशी नेहमीसारखंच बोलल्या, फक्त माझ्याकडे बघत नव्हत्या. मुलगी सोफ्यावर उलटी लोळत होती.

"जळगावला स्विमिंग पूल हॅज ऑर नॉट?" तिने विचारलं.

"ऊन आहे," दादा म्हणाले. "भरपूर."

"सेम लाइक हिअर, लॉर."

दादा आतून टेबल फॅन घेऊन आले. "हा घेऊन जा. तुझ्या खोलीत वारा येत नाही म्हणतेस ना."

"नको, दादा."

"विमानात नेणार आहे का मी? खाली ठेवून जाण्यापेक्षा तू ने." मग दारापर्यंत आले. "कॉम्रेड, एक विचारू? त्या पंखेवाल्याला आपला मेसेज मिळाला असेल ना?"

"पोचल्याची नोंद आहे. मी बघितली."

"त्याचीच बघितलीस?"

"त्याची पहिली बघितली."

त्यांनी मान हलवली आणि चपलांच्या ढिगातून माझ्या चपला पायाने पुढे सरकवल्या.

एमआरटीत बसायला जागा मिळाली. फॅन खाली ठेवला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येत होता, म्हणून मांडीवर घेतला. सिटी हॉलला गाडी बदलताना तो काखेत धरून गर्दीतून गेले आणि पुढच्या गाडीत पुन्हा मांडीवर घेतला. गाडी वळली की त्याची जाळी खडखडायची. समोरच्या आजोबांनी वर पाहिलं. मी दोन्ही हातांनी जाळी घट्ट धरली. मग आवाज आला नाही, आणि बेडोक येईपर्यंत मी ती तशीच धरून बसले.